ते मासे मी विकले होते, आत्या

प्रिय आत्या,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. तुला वाचता कुठे येत होतं? पेपरातलं भविष्यसुद्धा मीच तुला वाचून दाखवायचे. पण आज ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळ्या गावासमोर मी जे बोलले, ते आधी तुझ्यापाशी बोलायचं होतं. तू जिवंत असताना बोलायचं होतं. तू बोलू दिलं नाहीस, आणि मीही फार जोर केला नाही. आता हॉलवरून आले ती चपला न काढता लिहायला बसलेय.

तुला 'तू' म्हणतेय, रागावू नकोस. लग्नाआधी तू माझी सख्खी आत्या होतीस. मेढ्याला माहेरपणाला यायचीस तेव्हा मी तुझ्या पाठीवर चढायचे. मग तुझ्याच घरी सून म्हणून आले आणि बायका म्हणाल्या, आता 'आवं आत्या' म्हणायचं. चौदा वर्षं म्हटलं. आज नाही म्हणवत.

माझे वडील धरणाच्या पाण्यात मासे धरायचे, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला सगळं येतं. पहिल्याच आठवड्यात तू मला नदीवर नेलंस. होडी काठाला लागत होती आणि लव्हाळ्यापाशी पाण्यावर तांबडा गोळा हलताना दिसला. मरळीची पिल्लं! खाली मरळ असणारच, पिल्लांना सोडून ती जात नाही. मी जाळं उचललं. तू माझा हात धरलास.

"ठेव खाली."

"आवं, ही तर आयती घावतीया!"

"म्हणूनच ठेव. पोरांसाठी थांबलीया ती. तिला उचलली तर ही सगळी पोरं दुसऱ्याच्या पोटात जातील. मग म्होरल्या साली काय धरशील?"

किती राग आला होता मला! एवढी मोठी मरळ, आणि आपण रिकाम्या हातानं घरी. आषाढात तर तू जाळी धुऊन माळ्यावरच टाकायचीस. लोक बारीक भोकाची जाळी घेऊन उतरायचे, बोटाएवढी पिल्लं ओरबाडून आणायचे. तू काठावर उभी राहून त्यांना शिव्या घालायचीस. "नदी बाळंतीण हाय रं! बाळंतिणीच्या खोलीत कुणी असं घुसतं व्हय?" ते हसायचे. मीही एकदा हसले होते, तुझ्या पाठीमागे. तुला दिसलं होतं का ते?

बाजारात मात्र तुझ्या पाटीला कुणी हसत नव्हतं. बायका मासा उलटापालटा करून बघायच्या नाहीत, कल्ला उघडायच्या नाहीत. "आक्का, द्या तुमच्या मनानं," एवढंच. फौजी तात्या तर पाटीत डोकावायचेही नाहीत. पंचवीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस, दर बाजाराला काठी टेकत यायचा आणि आजारी बायकोसाठी मरळ घेऊन जायचा. काकूंना दुसरं काही पचत नाही म्हणायचे.

आणि मी काय केलं?

गेल्या वर्षीच्या वैशाखातला तो सकाळचा प्रहर मला रोज दिसतो. नदीचं पाणी आधीच गुडघाभर. वरच्या अंगाच्या साखर कारखान्याकडून येणारा ओढा काळा झाला होता, मळीचा वास गावात शिरला होता. आपण काठावर गेलो तर सगळी नदी तोंड वर काढून उभी! कटला, वाम, चिलापी, इवलीशी खवली, मरळसुद्धा, सगळे पाण्यावर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. तू मटकन खाली बसलीस. तुला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

लोक पोती घेऊन धावत होते. तू उठून त्यांच्या आडवी गेलीस. "घेऊ नका रं! इख हाय त्ये! पोराबाळांना घालू नका!" तू पलीकडच्या घाटाकडे पळालीस, तिकडच्यांना अडवायला. मी अलीकडेच राहिले.

पंधरा दिवस जाळ्यात काही लागलं नव्हतं. तुझा लेक साताऱ्याच्या एमआयडीसीत, सुट्टीला घरी येणारा. पोरीचा शाळेचा गणवेश व्हायचा होता. ही सगळी कारणं मी नंतर शोधली, आत्या. खरं सांगू? तेव्हा मनात फक्त एवढंच आलं, की सगळे नेतायत, मग मीच का नाही? मासे माझ्या हातात फडफडत होते. जिवंत मासा, त्यात कसलं विष? मी पाटी भरली, ओल्या फडक्यानं झाकली आणि सरळ बाजाराची जीप पकडली. दोन तासांत पाटी रिकामी. तुझी पाटी होती ना, कुणी विचारलंच नाही.

तू घरी आलीस तेव्हा मी पाटी धूत होते. तू वास घेतलास. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

"कुणाकुणाला दिलीस?"

मी नावं सांगितली. शेवटचं तेवढं सोडलं.

"अजून?"

"फौजी तात्या."

तू पाणीही न पिता बाजाराच्या गावाला निघालीस. पायांत चपला होत्या की नव्हत्या, मला आठवत नाही. दुपारच्या उन्हात दारोदार जाऊन तू मासे परत मागितलेस. एका घरी कालवण चुलीवर होतं, ते तू उकिरड्यावर ओतायला लावलंस. फौजी तात्यांचं घर त्या गावाच्या पार टोकाला. तू पोचलीस तेव्हा काकूंचं जेवण झालं होतं.

संध्याकाळपासून त्यांना उलट्या. पाच दिवस सांगलीच्या दवाखान्यात. जगल्या, पण आधीच अंगात काय होतं? घरी आल्यावर अंथरूण धरलं ते आजपर्यंत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आपण दोघी उभ्या होतो. मी तोंड उघडणार तोच तू माझ्या पुढे झालीस आणि हात जोडलेस.

"तात्या, मीच भरली व्हती पाटी. नजर गेलीया माझी. जित्तं आन् मेलं कळंना आता."

तात्या एवढंच म्हणाले, "आक्का, तुमच्या हातचं म्हणून इचारलं न्हाई."

तुझा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी कुणाला सांगू? माझ्यावर उठलेला वार तू अंगावर घेतलास, आणि मी खांबाला धरून गप्प उभी राहिले.

घरी येताना एसटीत मी रडायला लागले, तर तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "गप. तुला अजून लय वर्सं बाजारात बसायचंय. माझं झालं आता." पुढच्या बाजारी तू त्याच जागेवर उभी राहून सगळ्यांना तेच सांगितलंस, माझी चूक झाली म्हणून. त्यानंतर तू पाटीला हात लावला नाहीस. मासा खाल्ला नाहीस. लोक म्हणायला लागले, भोयाच्या म्हातारीला आता सुधरत नाही. तू ऐकायचीस. मी ऐकायचे. घट बसायच्या आदल्या दिवशी तू गेलीस, आणि खांदा द्यायला बाजारातलं कुणी आलं नाही.

का केलंस असं? माझं पाप उचलायचा हक्क तुला कुणी दिला? माया होती, कळतं मला. पण तुझी माया मला रोज जाळते, आत्या! मला चार शिव्या घालून त्या व्हरांड्यात पुढे ढकलली असतीस, तर मी तेव्हाच सुटले असते.

आणि तुला एक गोष्ट माहीत नाही. तुझ्या त्या खोट्यानं नदीचंही नुकसान केलं.

गेल्या महिन्यात पाणी परत काळं झालं. तक्रार गेली, म्हणून आज चौकशीचे साहेब आले होते. आपल्या माणसांनी गेल्या वर्षीचंही सांगितलं, काकूंच्या आजारपणाचं सांगितलं. तर कारखान्याच्या बाजूचा एकजण उठला. पांढरेशुभ्र कपडे, गोड आवाज. म्हणाला, "साहेब, ते मासे नासके होते. विकणाऱ्या म्हातारीनं स्वतः भर बाजारात कबूल केलंय, तिला दिसत नव्हतं. यात पाण्याचा काय संबंध?"

याला खोटं कसं म्हणायचं? तू कबूल केलंच होतंस.

मी उभी राहिले. म्हणाले, "ती म्हातारी माझी सासू. तिची नजर मरेपर्यंत घारीसारखी होती. तिनं विकले नाहीत. मी विकले."

मग सगळं सांगितलं. मासे नदीतून उचलताना जिवंत होते, हातात फडफडत होते. दोन तासांत विकले. नासायला वेळच नव्हता. "नासलं होतं ते पाणी, साहेब. आणि ते मला दिसत होतं. दिसूनही मी विकले." साहेबांनी विचारलं, सही कराल? मी केली.

तुझा लेक मागच्या खुर्चीत बसला होता. नुसता म्हणाला, "आयनं मलाबी न्हाई सांगितलं." आणि बाहेर निघून गेला. अजून आलेला नाही.

फौजी तात्या पहिल्या रांगेत होते. माझ्याजवळ आले. वाटलं, आता काठी मारतील. मारावी असंच वाटत होतं.

"आक्कांना म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आन् तरी त्यांनी माझ्यापुढं हात जोडलं?"

ते तिथेच खुर्ची धरून खाली बसले. म्हणाले, "त्यांच्या मातीला बी गेलो न्हाई गं मी." म्हातारा माणूस, सगळ्यांसमोर रडत होता. मी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

कागद वर जाईल म्हणतात. काय होईल माहीत नाही. नदी अजून काळीच आहे. येताना दोन ओळखीच्या बायकांनी माझ्याकडे बघून पदर सावरला आणि वाट बदलली. बदलू देत. तुला त्यांनी मरेपर्यंत जे दिलं, ते माझंच होतं.

आत्या, बाजारात बसेन ते माझ्या नावावर बसेन, गिऱ्हाईक येवो न येवो. कुणी विचारलं, तर जे केलं ते सांगेन. आषाढात जाळी माळ्यावर जातील, आणि काठावर उभी राहून शिव्या मी घालेन, लोक हसले तरी. पण त्याच्या आधी एक काम आहे. तात्यांना कळलं, काकूंना अजून माझ्या तोंडून कळलेलं नाही. उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाणार. सोबत काही नेणार नाही, तुझं नाव पुढे करणार नाही. त्यांच्या अंथरुणापाशी बसून सांगणार. त्यांनी आत घेतलं नाही, तर परवा जाईन. परवाही नाही घेतलं, तर तेरवा.

तुझी भाची, आणि तुझी सून,
सुरेखा