साठ वलांड्या

मंगळवार, २ डिसेंबर
आलं माझ्याच गळ्यात! किनाऱ्यावर बाग होणार, बाकडी बसणार, आणि आमची बोंबील वाळवायची जागा, बांबूच्या वलांड्यांसकट, जाणार. शुक्रवारी विरारला आमच्या अर्जावर सुनावणी. बायका म्हणाल्या, सुमनचा आवाज मोठा, तीच बोलेल. आवाज मोठा म्हणजे अक्कल मोठी का? माझी शाळा चौथीत सुटली.

संध्याकाळी खडकापलीकडची लुईझा आली. "आमच्या वीस वलांड्या पण तुमच्यात सांग गं." मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. गेल्या वर्षी आमचे बांबू उचलून नेलेत तेव्हा विचारलंत? गेली तोंड पाडून.

बुधवार, ३ डिसेंबर
सून राधिकाने भाषण लिहून दिलं. "सन्माननीय व्यासपीठ—" तिथे व्यासपीठ कुठलं, टेबल आहे! फाडलं. राधिका रुसली.

शेजारची म्हातारी धोंडूबाई हसत होती. "मासली इकतेस तशी बोल. आधी कल्ला उघडून दाखव, मंग तोंड उघड."

म्हातारी बरोबर बोलते, आधी माल दाखवायचा.

गुरुवार, ४ डिसेंबर
भांडी घासताना पाठ करते आहे. ऊन इथेच, वारा इथेच, आमची चूल याच्यावरच. बस, एवढंच. तरी तिसऱ्यावर अडकते. राधिका म्हणाली, "आई, सायबावर ओरडू नका हां." मी कधी ओरडते!

शुक्रवार, ५ डिसेंबर
बोलले! आधी पिशवीतून दोन बोंबील काढले, एक आमच्या वाळूवर वाळलेला, एक गच्चीवर पत्र्याखाली. टेबलावर ठेवले. म्हटलं, साहेब, वास घ्या. घेतला! दुसऱ्याला नाक मुरडलं. मग मी तीन गोष्टी सांगितल्या, एकाही ठिकाणी अडकले नाही.

साहेब म्हणाले, "किती वलांड्या आहेत तुमच्या?"

आणि माझ्या तोंडातून गेलं — साठ.

आहेत चाळीस! तीस वर्षं टोपलीमागे बसले. दीडपट सांगायचं, गिऱ्हाईक पाडून मागणार, मग खऱ्यावर यायचं. तोंडाला तेच वळण. पण साहेबाने पाडून मागितलंच नाही. लिहून घेतलं! म्हणाले, "बुधवारी मोजायला येतो. आकडा खोटा निघाला तर अर्ज रद्द."

बाहेर बायकांनी पाठ थोपटली.

शनिवार, ६ डिसेंबर
किनाऱ्यावर जाऊन मोजल्या. चाळीस. परत मोजल्या. चाळीस.

जाऊन खरं सांगू? मग ऊन-वारा पण खोटाच धरतील.

रविवार, ७ डिसेंबर
लुईझाची चर्चमधली मिस्सा सुटल्यावर तिच्या दारात गेले. वाटेत सगळं जुळवून नेलं होतं — आपण एकाच किनाऱ्याच्या, तुमची पण जागा वाचेल, एकीत बरं असतं. अर्धं बोलले. लुईझा कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"सुमनबाय, किती गं गोड बोलतेस आज! काय अडलंय?"

मग सांगितलं. साठ बोलले. वीस कमी आहेत. त्या वीस तुझ्या, त्या दिवशी मी मुद्दाम सोडल्या, रागाने. चुकले.

"झालं बोलून?"

झालं म्हटलं.

"मोजायला येऊ दे. आमचं-तुमचं वेगळं, हे तूच सांगितलंस ना? मी पण तेच सांगेन." दार लावलं.

मंगळवार, ९ डिसेंबर
बायकांना सगळं सांगून टाकलं. धोंडूबाई म्हणाली, "टोपली घरी ठेवून जायचं व्हतं, बाय."

बुधवार, १० डिसेंबर
साहेबांनी खडकापर्यंत मोजल्या, चाळीस. मग पलीकडे बोट केलं, "त्या कुणाच्या?" माझा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. खडकाशी उभ्या लुईझाने कमरेवरचा हात काढला, त्या टोकापासून या टोकापर्यंत फिरवला. म्हणाली, "आमच्या. या न् त्या, मिळून साठ."