कापलेले पंचवीस फूट

१८ जानेवारी १९६४, पातूर

घात झाला! ऐन गर्दीत मशीनचा पट्टा सरकला आणि फिल्म रिळावर गुंडाळायची सोडून खाली मातीत पडत राहिली. माझं लक्ष पडद्याकडे. नत्थुजी ओरडला तेव्हा कळलं. तोवर त्याचाच बूट तिच्यावर! गाडी चालवायला ठेवलेला माणूस मशीनपाशी येतोच कशाला?

पंचवीसेक फुटांवर रेघोट्याच रेघोट्या. कडेची भोकं शाबूत होती, चालली असती. पण माझ्या पडद्यावर रेघोट्या दिसलेल्या मला खपत नाहीत. सरळ कापलं आणि जोड मारला. जोड असा बसला की मलाच शोधावा लागावा. अमरावतीच्या प्रसिद्धी खात्याच्या ऑफिसात कळवायची गरज नाही.

२१ जानेवारी, अमरावती

मेहुणा देवीदास शेंदूरजनाघाटहून संत्री घेऊन आला. जाताना माझा कापलेल्या फिल्मचा डबा रिकामा करून नेला. त्याच्या बागेत पोपटांनी उच्छाद मांडलाय. फिल्मचे हात-हातभर तुकडे झाडाला बांधले की उन्हात चमकतात, सळसळतात, पाखरं बिचकतात. आशा म्हणते, तुमच्या नोकरीचा माहेराला एवढाच काय तो उपयोग!

२ फेब्रुवारी, टाकळी (दर्यापूर तालुका)

शाळेच्या पटांगणात खेळ. कापसाच्या गाड्या सोडून माणसं आली. खत आणि विहिरींची रिळं झाल्यावर हेलिकॉप्टरची लावली. लढाईत जखमी झालेल्या जवानांना बर्फातून उचलून आणणाऱ्या हवाई दलाच्या तुकडीची फिल्म. वीस मिनिटांची. ही लागली की गाव चिडीचूप होतं.

हेलिकॉप्टर दरीवर एका जागी थांबतं. आतला एक जण दोराला लटकून खाली उतरतो. डोळ्यांवर मोठा चष्मा, चेहरा काही दिसत नाही. खाली दोन जखमी. एकेकाला दोराला बांधतो, ते वर जातात. मग हेलिकॉप्टर वळतं, छावणीत डॉक्टर, बँड, झेंडा, समाप्त. तीसेक वेळा तरी दाखवली असेल मी.

आज सामान आवरताना एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या, उंच, हातात कंदील. म्हणाल्या, "तो खाली उतरला तो मंग वर कवा येते?"

मी म्हटलं, येत असेल की. दाखवलं नसेल.

"दोघं वर गेले. तो खालीच हाये," असं म्हणून त्या निघून गेल्या.

कमाल आहे! तीस वेळा पाहून माझ्या लक्षात आलं नाही ते या बाईंनी एका खेळात हेरलं.

३ फेब्रुवारी

पोलीस पाटील खुशालराव यांच्याकडे चहा. बाईंचं नाव दुर्गाबाई. घरची वीस एकर काळी जमीन. थोरला शेती पाहतो. धाकटा चंद्रभान मॅट्रिक होऊन हवाई दलात गेला, तेवीस वर्षांचा आहे. खुशालराव म्हणाले, "दिवाळीपासून त्याचं पत्र नाई जी." आणि बशीत चहा ओतत बसले.

असं आहे होय! फिल्ममधला तो आपला मुलगा असावा असं बाईंना वाटत असणार. मी वाटेत त्यांना गाठून विचारलंच. तो तुमचा वाटतो का? म्हणाल्या, "असंच काम माह्या चंद्रभानचं." आणि पुढचा खेळ कोणत्या गावी ते विचारून घेतलं.

आता माझ्याही डोक्यात तेच. तो वर कसा येतो? त्याला बांधायला तर खाली कोणी उरलेलं नसतं. दोर झोके खात असेल तेव्हा पकडतो कसा? हेलिकॉप्टर थांबतं तरी किती वेळ? नत्थुजीला विचारलं. तो म्हणतो, फिल्म सुरू झाली की मी झोपलेला असतो!

५ फेब्रुवारी

आजचं गाव टाकळीहून तीन कोस. दुर्गाबाई थोरल्याला घेऊन बैलांच्या दमणीतून आल्या! पुढे बसल्या. खताची रिळं चालू असताना मान खाली घालून होत्या. हेलिकॉप्टर आलं तशी मान वर. शेवटी तोच प्रश्न, पण या खेपेला मला नाही, थोरल्याला. तो म्हणाला, "चाल न मा, थंडी हाये."

मला झोप नाही. फिल्म काढणाऱ्याला एवढंही सुचू नये?

६ फेब्रुवारी

सकाळी रीळ हातानं उलगडून पाहिलं. दुसरा जखमी वर गेल्यावर लगेच जोड आहे.

माझाच जोड. पातूरचा.

७ फेब्रुवारी

दिवसभर कशात लक्ष नाही. वर येण्याचा भाग फिल्ममध्ये होता. पातूरच्या आधी तो कितीदा माझ्याच पडद्यावर येऊन गेला असणार, पण मी पडद्यावर रेघोट्या सोडून काही पाहिलंच नाही. मीच कापला. कापताना नीट पाहिलासुद्धा नाही. आणि मी त्या फिल्म काढणाऱ्याला नावं ठेवत होतो! लाज वाटते.

डब्यातलं सगळं देवीदासनं नेलंय. आशाला म्हटलं, रविवारी तुझ्या माहेरी जाऊ. तिला वाटलं मी सुधारलो.

९ फेब्रुवारी, शेंदूरजनाघाट

देवीदासची बाग म्हणजे साडेतीनशे झाडं. निम्म्यांना माझ्या फिल्मचे तुकडे लटकलेले. दोन वर्षांची कापाकापी! मान वर करून, एकेक तुकडा सूर्याकडे धरून पाहत फिरलो. विहीर. खताचं पोतं. कुठल्याशा मंत्र्यांचा हार. पुन्हा विहीर. पोपट काही भीत नाहीत. माझ्यादेखत एकानं संत्रं फोडलं.

पाहुणे झाडाला चिकटून काय पाहताहेत म्हणून वाटेकरी पुंजाजी मागे आला. त्याला सांगितलं, दोराला लटकलेला माणूस शोध. त्यानं काहून म्हणून विचारलं नाही. तासाभरात त्यानं चार काढले, मी दोन. दिवस मावळेपर्यंत अकरा. देवीदासच्या हिशेबानं सोळा असायला हवेत. बाकीचे वाऱ्यानं गेले.

१० फेब्रुवारी, अमरावती

तुकडे कोमट पाण्यात धुतले. पाखरांची घाण, धूळ, मूळच्या रेघोट्या. भिंग लावून क्रम लावत बसलो. हे काम मला फार आवडलं, खोटं कशाला सांगू. आणि कळलं ते सगळं! दोर पुन्हा खाली येतो. तो स्वतःच स्वतःला कमरेशी बांधतो आणि वर हात करून खूण करतो. म्हणजे खालचं कोणी लागतच नाही. मध्ये दोन तुकडे नाहीत. मग एकदम दाराशी. दोन हात त्याला आत ओढतात. तो चष्मा काढतो आणि हसतो.

चाळिशीचा माणूस. झुपकेदार मिशा. पुढचा एक दात पडलेला.

तेवीस वर्षांचा कुठून दिसणार हा!

१२ फेब्रुवारी

काय करावं? भाग जोडला तर बाईंना कळणार, हा आपला नव्हे. महिनोन्‌महिने पत्र नाही, त्यात एवढा आधारही मी काढून घ्यायचा? न जोडला तर त्यांचा माणूस बर्फातच उभा. माझ्यामुळे.

आशाला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, पातूरपासून. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिनं कवा इचारलं का तो कोन हाये म्हनून? ती तं इचारून राहिली, वर येते का नाई."

खरंच की. तो कोण हे मीच विचारत होतो.

१३ फेब्रुवारी

जोडलं. बारा जोड. एकही चांगला नाही.

१६ फेब्रुवारी, टाकळी

इथला खेळ आज नव्हता. नत्थुजीनं कुरकुर न करता गाडी वळवली, हेच नवल. झाडांवरचे तुकडे मिळाल्याचा निरोप खुशालरावांना गेलाच होता. आज खत नाही, विहिरी नाहीत. पहिल्यांदाच हेलिकॉप्टर.

जोडाचा भाग आला तसा पडदा रेघोट्यांनी भरला. कोणी म्हणालं, पानी आलं! लोक हसले. आवाज तर नुसता खरखर, मध्येच तुटतो. मी असलं काही आजवर पडद्यावर येऊ दिलेलं नाही. दोर खाली आला. त्यानं बांधून घेतलं. खूण केली. दुर्गाबाई उठून उभ्या राहिल्या. मागचे ओरडले, बसा म्हणून. खुशालरावांनी त्यांना गप्प केलं. तो अर्ध्यावर दिसला, मग एकदम दाराशी. आत घेतला. हसला.

मी पडदा सोडून बाईंकडेच पाहत होतो. त्या चेहऱ्यानं त्यांचं काही बदललं नाही. सावकाश खाली बसल्या.

१७ फेब्रुवारी

सकाळी दुर्गाबाई उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन गाडीपाशी आल्या. मी म्हटलं, चंद्रभानचंही पत्र येईल. त्यांनी शेंगा नत्थुजीच्या हातात दिल्या. मला म्हणाल्या, "तुमी झाडाझाडावरून काढून आनलं त्याले, पाटलानं सांगतलं. त्याचं नाव काय हाये?"

फिल्ममध्ये नाव नाही, मी म्हटलं.

"त्याच्या मायले कोनं सांगतलं असंल ना, आला म्हनून?"

सांगितलं असेल, मी म्हटलं. त्या गेल्या. त्यांचं सगळं समाधान झाल्यासारखं का दिसत होतं ते मला कळत नाही. स्वतःच्या मुलाचं एका शब्दानं विचारलं नाही! नवलच वाटतं मला त्या बाईंचं.

शेंगा गोड होत्या.

२ मार्च, दर्यापूर

स्टँडवर खुशालराव भेटले. दुर्गाबाईंना तार दिवाळीनंतर चौथ्या दिवशीच आली होती. त्यांनीच वाचून दाखवली. चंद्रभान दोरानं उतरला, जखमी वर पाठवला, तेवढ्यात हवा बिघडली आणि हेलिकॉप्टरला निघावं लागलं. पुन्हा गेले तेव्हा तिथे कोणी सापडलं नाही. दुर्गाबाईंनी गावाला बजावलं होतं की, फिल्मवाल्याला सांगू नका, कळलं तर तो बिचारा ती फिल्मच लावणार नाही.

आणि मी ते पंचवीस फूट रेघोट्या पडल्या म्हणून कापले होते.