तरंगती भट्टी आणि तांदळाचा डबा

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार. सकाळ.
आजपासून रोज लिहून ठेवायचं. मी सांगणार, सूनबाई वर्षाराणी लिहिणार; मला ती अत्ती म्हणते. मला अक्षर येत नाही. वर्षाचं अक्षर टपोरं आहे म्हणतात आणि तिला तोंड नाही. या कामाला असलंच माणूस लागतं. वही माझ्या ट्रंकेत, किल्ली माझ्या कमरेला.
विषय नातीचा. शांभवी, वय सत्तावीस, तीन वर्षं परदेशी जायचं म्हणते. काम काय, तर तरंगतं अणू वीजघर. म्हणजे अणूची भट्टी जहाजावर ठेवायची आणि ज्याला वीज पाहिजे त्याच्या किनाऱ्याला नेऊन बांधायची. जहाज एका देशानं बांधायचं, इंधन दुसऱ्यानं घालायचं, उभं तिसऱ्याच्या दारात करायचं. तपासणार कोण आणि बिघडलं तर निस्तरणार कोण, याचे नियम सगळ्या देशांनी मिळून करायचे. ते लिहिणाऱ्या कमिटीत आमची पोरगी.
परवा हिनं गॅसवर दूध उतू घालवलं. आता समुद्रातली भट्टी सांभाळणार.
निश्चय: जाऊ द्यायचं नाही. पंधरा दिवसांत मिटवते.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
प्लॅन ठरला. कागलचा प्रभुलिंग, साखर कारखान्यात इंजिनियर, आपल्यातलाच. रविवारी सहज आल्यासारखा चहाला येईल. शांभवीला पत्ता लागू द्यायचा नाही. हे फक्त मला, वर्षाला आणि वहीला माहीत.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपार.
प्रभुलिंग आला. शांभवी बाहेर आली ती त्याला नावानं हाक मारत. म्हणे काल फोनवर बोलणं झालंय. दोघं दोन तास बसली. मी मनात मांडव घातला.
जाताना पाया पडून म्हणाला, आज्जी, लई उपकार झाले, शांभवीनं मला तिकडच्या कॉलेजचा फॉर्म कसा भरायचा ते दाखवलं.
माणूस हलका निघाला. बरं झालं आधीच कळलं. पण हिला त्याचा नंबर कुणी दिला? कागलकरांच्या पोटात काही राहत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार.
आता सरळ काम. शांभवी आंघोळीला गेली तेव्हा कपाटातला पासपोर्ट काढला. निळं पुस्तक, वर सोनेरी सिंह. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात, तळाला. वर्षाला म्हटलं, जागा नीट लिही, नाहीतर मीच विसरायची. तिनं दोनदा विचारून घेतलं, मोठ्या डब्यात की लहान. मोठ्या. असं चोख काम पाहिजे.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
रोज डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघते. पुस्तक लागतं. झोप छान लागते.
शांभवी पासपोर्ट शोधत नाही. मनातून खचली असणार.
गॅसवाला पिराजी सिलिंडर घेऊन आला आणि पुस्तक मागायला लागला. गॅसचं पुस्तक सापडेना. वर्षा म्हणाली, कुठं गेलं कुणास ठाऊक. या घरात वस्तू जागेवर ठेवायची शिस्त एकट्या मला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
कमिटीची तीन माणसं गोव्याला मीटिंगला आलीत. शांभवी त्यांना रविवारी घरी जेवायला आणणार. म्हणे आज्जी, तू एकदा भेट, तुझा राग जाईल.
रागाला काय झालंय? राग ठणठणीत आहे.
प्लॅन: तिघांना माझ्या ओसरीवर भांडायला लावायचं. कमिटी मोडली की नोकरी मोडली. ठरत आलेली तीन लग्नं मी एकेका प्रश्नात मोडलीत. देश काय त्याहून वेगळे असतात?

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
जिंकले. सविस्तर लिही गं.
पावणं तिघं. जहाजं बांधणारे कोरियाचे एक. जहाजं तपासणारी नॉर्वेची उंच बाई, चौकटीला डोकं आपटून आत आली. आणि फिलिपिन्सचे एक, त्यांच्या बेटांना वीज पाहिजे. भाकरी, झुणका, खर्डा वाढला. खर्डा मुद्दाम जास्त. फिलिपिन्सवाल्यांनी दोनदा मागून घेतला, तिथं मी जरा कमी पडले.
मग शांभवीला म्हटलं, विचार यांना. वादळात दोर तुटला आणि तुमची भट्टी वाहत चौथ्याच्याच दारात गेली, तर ती कुणाची?
कोरियावाले म्हणाले, ज्यानं विकत घेतली त्याची. बाई म्हणाली, जहाजावर झेंडा ज्याचा त्याची. फिलिपिन्सवाले म्हणाले, म्हणजे सगळं आमच्याच गळ्यात का? भाकरी गार झाली तरी थांबेनात. शांभवीचा चेहरा बघण्यासारखा.
मी म्हटलं आता मिठाचा शेवटचा खडा टाकू. आमच्या गल्लीतली लग्नाची मोठी तपेली माझ्या ताब्यात असतात. तपेलं माझ्या दारातून निघताना पाणी भरून बघायचं. घेणाऱ्याच्या दारात पोचलं की परत भरायचं. माघारी आलं की परत. आणि तिन्ही वेळेला साक्षीला तिसऱ्या घरची बाई उभी. भोक कुठल्या दारात पडलं ते सगळ्यांसमोर गळतं. अकरा घरांच्या अडाणी बायकांना हे जमतंय, आणि तुम्ही एवढे देश असून तुम्हाला जमंना, लाज वाटत न्हाय व्हय?
शांभवीनं शब्दाला शब्द सांगितलं. नॉर्वेच्या बाईनं डायरी काढून लिहून घेतलं. अपमान टिपून ठेवला असणार. ठेवू दे.
कमिटी मोडली म्हणून समजायचं.

२८ फेब्रुवारी, शनिवार.
ईमेल आला. शांभवीनं वाचून दाखवला. तपेल्याची पद्धत कमिटीला पसंत पडली. भट्टीचा ज्या ज्या बंदरात हातबदल होईल तिथं तिसऱ्या देशाची माणसं साक्षीला ठेवून तपासणी, असा नियम मांडायचा. त्यासाठी नवीन विभाग. प्रमुख शांभवी. तीन वर्षं नाही, आता पाच.
म्हणे आज्जी, हे तुझ्यामुळं झालं.
हे सांगताना वर्षाचा पेन एकदाही अडखळला नाही.
असो. पाच काय, पन्नास असू दे. पासपोर्ट तांदळात आहे.

६ मार्च, शुक्रवार. सकाळ.
शांभवी गाडीत बसली. मुंबईहून विमान. पाया पडली तेव्हा मी हसत आशीर्वाद दिला. उद्या तोंड पाडून परत येईल. तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवा म्हणून सांगितलं. वर्षा पदरानं डोळे पुसत होती. म्हटलं, रडतीस कशाला, येतीया उद्या.

७ मार्च, शनिवार. दुपार.
शांभवीचा फोन. पोचली. तिकडं थंडी आहे.
फोन ठेवला आणि मोठा डबा उपडा केला. पिशवी निघाली. पुस्तक निळंच. सिंह नाहीत. वर्षापुढं धरलं. म्हणाली, गॅसचं आहे, अत्ती. बारा तारखेपासून.
विचारलं, तिला जागा कुणी सांगितली? म्हणाली, तुम्हीच लिहायला सांगितली की. रोजच्या पानाचा फोटो मोबाईलवर तिला जातो. प्रभुलिंगचं पान पण गेलं, पावण्यांचं पण. म्हणून तर ती पावण्यांना आधीच सांगून आली होती, आज्जी प्रश्न विचारणार, तेवढा नीट ऐका.
म्हटलं, माझ्या घरात राहून माझ्यावर हेरगिरी?
तर अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मान वर करून म्हणाली, अत्ती, माझी पण पोरगी हाय की ती.
सांडलेला तांदूळ दोघींनी भरला.
मग म्हटलं, शांभवीला एक वेगळी चिठ्ठी लिही. कानाला बांधत जा, तिकडं वारं फार असतं म्हणावं. आणि चटणी कुटलेली आहे, कुणी येणारं असेल तर पाठवते.
वर्षा म्हणाली, वेगळी कशाला? वही जातीच की तिला.