बेबी ऑफ कमलिनी

१८ डिसेंबर २००६, सोमवार. सकाळी ११.

आज पहाटे पाचला उठलो, अंघोळ केली, खाली उतरून समोरच्या पिळ्ळैयार कोविलात गेलो, गणपतीला हात जोडले, प्रसाद घेतला आणि सहाच्या आत परत येऊन कॉटवर पडलो. यात हॉस्पिटलचं काय बिघडलं ते मला अजून कळलेलं नाही.

आठ वाजता माझं बायपास होतं. ते रद्द झालं. कारण काय, तर मी खाल्लं. मी खाल्लेलं नाही. तमिळ लोकांचा मार्गळी महिना लागलाय, इथल्या देवळांत या महिन्यात पहाटे गरम पोंगल, म्हणजे तुपातली खिचडी, वाटतात. पुजाऱ्याने द्रोण पुढे केला. देवाच्या दारात नको म्हणायचं नसतं. दुसरा द्रोणही त्यानेच पुढे केला. प्रसाद म्हणजे जेवण नव्हे, हे मी डॉ. राममूर्तींना शांतपणे समजावून सांगितलं. ते म्हणाले, मिस्टर मधुसूदन, भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर ते फुफ्फुसात जातं, आणि तो प्रसाद होता की नाश्ता हे फुफ्फुस विचारत बसत नाही. हा माणूस स्वतः कपाळाला विभूती लावून येतो. कीव आली.

पकडलं शरण्या सिस्टरने. माझ्या कपाळावरची विभूती आणि शर्टावरचा तुपाचा डाग. बाकी पेशंट कण्हत असतात तिकडे लक्ष नाही, डाग मात्र दिसतात.

पुढची तारीख गुरुवार. बायको, कमलिनी, आली. डबा ठेवला, रिकामा डबा घेतला, मांबलमला घरी परत गेली.

मुळात हे ऑपरेशनच अनावश्यक आहे. तीन नळ्या बंद आहेत म्हणतात. माझ्या मते हे सांबार. बारा वर्षं या गावात चिंचेचं पाणी पिऊन कोणाच्याही छातीत जळजळेल.

भीतीचा प्रश्न नाही. बेड चारचे गृहस्थ शुक्रवारी ऑपरेशनला गेले ते वॉर्डात परत आलेले नाहीत. आयसीयूत आहेत म्हणतात. असतील. मी फक्त नोंद करून ठेवतो.

संमतीचा फॉर्म उशीखाली आहे. सही करणारच होतो, पण सिस्टरने दिलेलं पेन भिकार. आमच्या खेड्यातल्या शाळेत गुरुजींनी टाक-दौतीने अक्षराला वळण लावलं. असल्या पेनाने मी ते घालवणार नाही.

संकल्प: गुरुवारपर्यंत रोज दर्शन. प्रसाद घ्यायचा नाही. फार तर एक द्रोण.

१९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी १.

मला टॅग लावला.

पांढरी डबी, अर्ध्या काडेपेटीएवढी, रबरी पट्ट्याने मनगटावर. हे घालून लिफ्टजवळ किंवा जिन्याच्या दाराजवळ गेलं की दार बंद होतं आणि भोंगा वाजतो. पट्टा अंगापासून सुटला तर दहा सेकंदांत भोंगा. अख्ख्या वॉर्डात हा फक्त मला. म्हणजे बाकीचे गेले तरी चालतील, असा हिशेब दिसतो. एका अर्थी मान आहे.

पण खरेदीतला गाढवपणा पाहा. ही मशीन घेतली खालच्या बाळंतिणींच्या मजल्यासाठी. बाळ कोणी उचलून नेऊ नये म्हणून. मोठ्या माणसाची सोयच त्यात नाही. पट्टा पुरेना, म्हणून दोन जोडले. कॉम्प्युटर पेशंटचं नाव घेईना, त्याला आईचं नाव हवं. शरण्या सिस्टरने विचारलं, अंकल, आईचं नाव काय. मी म्हटलं, आई जाऊन वीस वर्षं झाली. मग तिने केस पेपरवर नातेवाईक म्हणून जे नाव होतं ते घातलं. पडद्यावर मी ‘बेबी ऑफ कमलिनी’ आहे. वय दिवसांत लिहायचं, आणि तीनच आकडे मावतात. मी नऊशे नव्याण्णव दिवसांचा आहे.

शेजारच्या कॉटवर संताजीराव. तंजावरचे मराठे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी घेऊन इकडे आले आणि ती तिथेच ठेवली. त्यांनी माझं मनगट हातात घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाले, बरवं झालं ओ, आता तुम्ही सांपडाल म्हणून धीर आला.

मी स्टोअर्स इनचार्ज आहे. अंबत्तूरच्या फॅक्टरीत अकरा हजार आयटेम माझ्या टॅगवर चालतात. बेअरिंगला टॅग लावला तर ठीक, बेअरिंगला स्वतःचं डोकं नसतं. गावाकडे आमच्या एका ओढाळ गाईच्या गळ्यात वडिलांनी लोढणं बांधलं होतं. ती गाय लोढण्यासकट शेजारच्या शाळूत जायची. ही मशीन माझ्यासमोर एक दिवस टिकणार नाही.

१९ डिसेंबर, संध्याकाळी ६.

मशीनची चाचणी घेतली. लिफ्टपर्यंत सहज चालत गेलो.

भोंगा वाजला. लाउडस्पीकरवर बाई ओरडायला लागली, कोड पिंक, कोड पिंक, बेबी ऑफ कमलिनी. खालचं गेट बंद. बाळंतिणींच्या मजल्यावरच्या तीन नर्स धावत वर आल्या, एकीच्या डोळ्यांत पाणी. सुंदर नावाचा वॉचमन हात पसरून आला, बाळ झेलायला आल्यासारखा. त्याने लिफ्टमध्ये पाहिलं, लिफ्टमागे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, सार, बेबी एंगे? मी मनगट दाखवलं. एक आजीबाई भिंतीला टेकून इतक्या हसल्या की त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

धावपळ केवढी आणि कोणासाठी, तर गणपतीला निघालेल्या सज्जन माणसासाठी. चाचणीचा निष्कर्ष: मशीन वाजते. पण अक्कल नाही.

फॉर्मवर सही राहिली. चष्मा सापडला नाही. नंतर नाकावरच होता, पण तोवर सिस्टर गेली होती.

२० डिसेंबर, बुधवार. दुपारी ३.

पहाटे दर्शन हुकलं. याची जबाबदारी हॉस्पिटलवर.

डोकं चालवलं. कमलिनी पोळ्या ज्या चांदीच्या कागदात आणते तो मनगटाभोवती चार पदरी गुंडाळला. रेडिओच्या लहरी त्यातून जात नाहीत, हे शाळेत सायन्सला होतं. कॉटवरून उठायच्या आधीच भोंगा वाजला. पुन्हा तीन नर्स. त्यातली कालची रडलेली आज रडली नाही, तमिळमध्ये काहीतरी बोलली. संताजीरावांनी भाषांतर करायचं नाकारलं.

अदितीला फोन करून विचारलं. मुलगी शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाली, बाबा, टॅग दर थोड्या सेकंदांनी मी इथे आहे म्हणून सांगत असतो, तो गप्प झाला की मशीन ओरडते. तुमच्या स्टोअर्समध्ये एखादी मालाची बिन रिकामी दिसली की तुम्ही नाही का ओरडत. हे मला माहीत होतं. ती काय सांगते ते पाहत होतो. मग म्हणाली, बाबा, खरंच तुम्हाला जायचंय कुठे? मी म्हटलं, देवळात. ती म्हणाली, गणपती तर तुमच्या खिशातही आहे. असतो. पण खिशातला आणि देवळातला यात फरक असतो, हे या पिढीला कोण सांगणार.

मशीनमधल्या त्रुटींवर इंग्रजीत सात मुद्द्यांचा रिपोर्ट लिहून सुंदरजवळ ॲडमिनिस्ट्रेटरसाठी दिला. तासाभराने पाहिलं तर त्याच्या डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली होता. स्टूल आता डुगडुगत नाही.

पण त्याच सुंदरकडून कामाची गोष्ट कळली. खाली दिवसाला चार वेळा भोंगा वाजतो, आणि चोर कधीच नसतो. आज्या बाळांना खोबरेल तेल चोळतात. पाय निसटतो, टॅग दुपट्यात.

परदेशातल्या इंजिनियरने सगळा विचार केला असेल. आमच्या आज्यांचा केला नाही.

२० डिसेंबर, संध्याकाळी ७.

कमलिनीला खोबरेल तेलाची बाटली आणायला सांगितली होती. आणली. डोक्याला हवं म्हटलं तर तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, अहो, कुठे लावणार?

रात्री आठनंतर पोटात काही घ्यायचं नाही, पाणीही नाही. यावेळी पाळणार आहे. उद्या पहाटे नुसतं दर्शन. प्रसाद नाही, एक द्रोणही नाही. पावणेसहाला परत. कोणाला कळणारही नाही.

संताजीराव दिवे घालवायच्या आधी म्हणाले, राव, भय वाटतं म्हणून सांगायास लाज कसली? माझं ऑपरेशन झालं तेव्हां मी तर रडलों. ड्रॉइंग मास्तर. यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची.

फॉर्म: सिस्टरने नवीन पेन दिलं. झिरपतं.

२१ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ७.४०.

नऊला नेणार आहेत. तोवर जे झालं ते क्रमाने लिहितो.

साडेचारला मनगटाला तेल चोळलं. पट्टा निसटला. संताजीराव झोपले होते, त्यांच्या बारीक मनगटावर चढवला. आठ सेकंद. शर्ट, वेष्टी, चपला, कापडी पिशवी. लिफ्ट गुमान खाली गेली. कोणी अडवलं नाही. एका वॉचमनने मला पेशंटचा नातेवाईक समजून गुड मॉर्निंग केलं.

रस्त्यावर बायका सडा घालून कोलमची रांगोळी काढत होत्या. देवळात दिवे लागले होते, पोंगलचा वास गेटपर्यंत येत होता.

मी देवळासमोरून पुढे बस स्टॉपवर गेलो. बस केव्हा सुटते एवढंच पाहायला. टी. नगरची, आमच्या घराकडची बस आली. रिकामी होती. नुसतं पाहावं म्हणून पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली, आणि छातीत जळजळ सुरू झाली, थेट डाव्या हातापर्यंत. कंडक्टर म्हणाला, एरुंगो सार, एरुंगो, म्हणजे चढा. मी पाय खाली घेतला. बस गेली.

पोटात काल रात्रीपासून सांबाराचा थेंब नव्हता.

बाकावर बसलो. किती वेळ ते लिहीत नाही.

मग लाउडस्पीकर ऐकू आला. रस्त्यापलीकडे स्टॉपपर्यंत येत होता. कोड पिंक, बेबी ऑफ कमलिनी. तीनदा. उठलो आणि हळूहळू परत गेलो. गेट बंद. बाहेर कॉफीचे फ्लास्क घेऊन उभी असलेली माणसं, आतून पळापळ. गेटवरचा माणूस पहाटपाळीचा, मला न ओळखणारा. मी म्हटलं, आत सोडा, मी पेशंट. तो म्हणाला, पेशंटच्या हातात पट्टा असतो, पट्टा कुठाय. मी नाव सांगितलं. म्हणाला, अय्या, बाजूला व्हा, आत एक बाळ हरवलंय, ते सापडेपर्यंत तुमचा मुलगा असो की सून, कोणाला आत नाही आणि बाहेर नाही. शेजारची एक बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, कोणाचं बिचारीचं असेल. तिची नात बाळंतिणींच्या मजल्यावर होती.

चार दिवस मी या गेटाबाहेर पडायला धडपडत होतो.

मी त्याला म्हटलं, मी बेबी ऑफ कमलिनी. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

मागे कोणीतरी हललं. कमलिनी होती. ऑपरेशन म्हणून पहिल्या लोकलने आली होती, आणि गेटवर उभी राहून लाउडस्पीकरवर स्वतःचं नाव ऐकत होती. अदिती तिच्या मागे. तिने तोंडावर हात ठेवला होता, हसत होती की काय ते दिसलं नाही.

कमलिनीने माझ्या हातातली पिशवी घेतली, आत पाहिलं. चष्म्याची केस, टॉवेल, ही डायरी, टूथब्रश. म्हणाली, दर्शनाला टूथब्रश लागतो का?

मी म्हटलं, देवळात गर्दी होती. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. विभूती नव्हती. पुसून टाकली म्हणावं असं मनात आलं, पण म्हटलं नाही.

वर आल्यावर कळलं, संताजीराव झोपलेले नव्हतेच. मी पट्टा चढवला तेव्हा जागे होते. तेलकट पट्टा निसटून भोंगा वाजू नये म्हणून तो दुसऱ्या हाताने दाबून पाऊण तास तसेच पडून राहिले. खालच्या बायका घाबरतात म्हणून. त्यांना लघवीची गोळी चालू आहे. शेवटी बाथरूमला जावंच लागलं आणि पट्टा निसटला. मला म्हणाले, तुम्ही देवास गेलात म्हणून समजलों, उशीर झाला तर थांबावं म्हणून थांबलों ओ. एवढं सांगून ते कुशीवर वळले आणि घोरायला लागले.

डॉ. राममूर्तींनी विचारलं, आज काही खाल्लं? मी म्हटलं, नाही. त्यांनी कमलिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली, तेव्हा त्यांना पटलं.

शरण्या सिस्टर नवा पट्टा घेऊन आली. रागावेल असं वाटलं होतं. तिने साबणाने मनगटावरचं तेल धुतलं, पुसलं. मी हात पुढे केला. घट्ट बांध म्हटलं.

८.१०

कमलिनी कॉटवर बसली आहे. फॉर्म तिनेच उशीखालून काढला. म्हणाली, मला भीती वाटते. तुम्हाला वाटत नसेल तर राहू द्या.

पर्समधून माझं स्टोअर्समधलं पेन काढून दिलं. सोमवारपासून तिच्याकडेच होतं.

सही केली. अक्षर हललं. पेन चांगलं होतं.