खाच मागच्या बाजूला आहे

बर्स्लम, स्टोक
मंगळवार, जूनअखेर

आदरणीय ड्युलसी आत्या,

तिकडे लँडुडनोत आपल्या स्टोकसारखं लाडाने कोणी ‘बदके’ म्हणून हाक मारत नाही, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं होतं, असं तू मागे लिहिलं होतंस. तेव्हा आधी ते उरकते. बदके, तुझे गुडघे कसे आहेत? समुद्राच्या हवेने गुडघे सुधारतात असं तुझे डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टरांचे स्वतःचे गुडघे कसे आहेत ते एकदा पाहून घे. आमच्याकडे सगळं ठीक. येत्या शनिवारी तू येणार, आजोबांच्या नावाच्या फरशीवरचं कापड तुझ्या हातून दूर होणार, म्हणून आमच्या इतिहास मंडळाला फार आनंद झाला आहे. मलाही झाला होता. आता नक्की काय झालं आहे ते मला सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. बसून वाच.

कालव्यावरच्या पुलाच्या कोपऱ्याला जो लोखंडी खांब आहे, तो तुला सांगायला नको. काठावरून नावा ओढणाऱ्या घोड्यांचे ओले, रेतीने माखलेले दोर वर्षानुवर्षं घासून त्याच्यावर खाचा पडल्या, आणि त्यातली सर्वांत खोल खाच माझ्या आजोबांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, इनॉक मेचिन यांच्या डचेस घोडीची, हे तूच मला लहानपणी सांगितलंस. मी ते मंडळात सांगितलं आणि मंडळाने त्याचा रिवाज केला. दर जूनमध्ये काठाकाठाने फिरायला जायचं, प्रत्येक सभासदाने त्या खाचेत बोट घालायचं, मग सगळ्यांनी ओटची धिरडी खायची. (रेल्वेची आवड असलेले सभासद बोट घालतात, पण चेहरा आंबट करून. सभेत ते डावीकडे बसतात, कालव्याचे उजवीकडे, आणि मध्ये चहाचं भांडं असतं.) या वर्षी मंडळाने खाचेजवळ बसवायला फरशी करून घेतली. आपल्या कुंभारांच्या गावची फरशी, म्हणजे भट्टीत भाजलेली, वर चकचकीत लुकण. ‘ही खाच इनॉक मेचिन यांच्या घोडीच्या दोराने, नावा ओढताना पडली.’ भाजलेलं अक्षर खोडता येत नाही, ही आपल्या शहराची जुनी अडचण आहे.

तर या जूनच्या फेरीत झालं असं, की माझा उजवा हात इस्त्रीने भाजला होता. मी डावं बोट घालायला खांबाला वळसा घालून पलीकडे गेले आणि पहिल्यांदाच ती खाच समोरून पाहिली. आत्या, ती मागच्या बाजूला आहे. पाण्याकडच्या अंगाला लहानसहान खाचा आहेत. आपली खोल खाच मात्र पाण्याकडे पाठ करून, चांगली खाली. आम्ही इतकी वर्षं खांबाला मिठी मारल्यासारखा हात मागे नेऊन बोट घालत होतो आणि दोर मागे कशाला गेला असेल, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही, आणि मी शाळेत भूगोल शिकवते.

मी अध्यक्षांना, म्हणजे क्लेमंट हीथ यांना सांगितलं. ते म्हणाले, “मेव्हिस, तुला फार विचार करायची सवय आहे. फरशी भाजून झाली आहे.” मी म्हटलं, करूनच पाहू. (हट्ट होता की जिज्ञासा, यावर मी रोजनिशीचं एक पान खर्चलं आहे. जिज्ञासा असावी.) कोळसेवाल्याचं बिस्किट नावाचं तट्टू आणलं, दोर आणला, हीथसाहेबांची छोटी नाव बांधली. हीथसाहेब खांब नीट दिसावा म्हणून नावेत उभे राहिले. दोर पाण्याकडच्या अंगाला घासला, मागे काही केल्या जाईना. एवढं कळलं तिथेच थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात बिस्किटला काठावरच्या धिरड्यांच्या टोपलीचा वास लागला आणि ते थांबलं. नाव थांबली नाही. नावेला ब्रेक नसतो, हे इतिहासात वाचलेलं असतं पण लक्षात राहत नाही. ती पुलाच्या भिंतीवर आपटली आणि हीथसाहेब टोपीसकट पाण्यात बसले. पाणी कमरेपर्यंतच होतं.

“क्लेमंट, कालव्यावर जीव आहे हे ठाऊक होतं,” रेल्वेच्या बाजूचे ब्लूर काठावरून म्हणाले, “पण इतका?”

“रेल्वेवाल्यांनी बोलू नये,” हीथसाहेब पाण्यातून म्हणाले. “आमच्या नावा निदान वेळेवर बुडतात.”

हे ब्लूर म्हणजे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात असतात ते, विधुर. त्या संध्याकाळी ते सायकलवरून आमच्या घरी आले. मी वाटाणे सोलत होते. बोलता बोलता त्यांनी अर्धे स्वतःकडे ओढले आणि सोलता सोलता सांगितलं, की ज्या वाटेवरून आम्ही दर जूनमध्ये चालतो ती घोड्यांची वाटच नाही. रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतल्यावर भांड्यांच्या कारखान्यापर्यंत त्या काठाने रूळ टाकले आणि घोड्यांची वाट पलीकडच्या काठावर नेली. पुढे रूळ उखडले, वाट राहिली. म्हणजे कालव्याचे कट्टर सभासद इतकी वर्षं भक्तिभावाने रेल्वेवरून चालत होते. (सभेत हे सांगितलं तेव्हा उजव्या बाजूच्या सगळ्यांनी एकदमच चहा ओतून घेतला.) मी मात्र बोटांवर वर्षं मोजली. रूळ पडले तेव्हा आजोबा पाळण्यात होते. त्यांच्या घोडीचा दोर त्या खांबाला लागलाच नसणार. मग त्यांचं नाव फरशीवर कशाला? आणि तुझ्या हातून खोट्यावरचं कापड कसं काढवायचं?

दोन दिवस मी ‘नाव काढावं’ असं लिहिलं आणि खोडलं. तिसऱ्या दिवशी मिसेस कोल्क्लो यांच्याकडे गेले. खांबासमोर आज सतरंज्यांचं दुकान आहे तिथे पूर्वी ‘काळा हंस’ नावाचा पब होता, आणि त्या मुलगी असताना तिथे ग्लास धुवायला होत्या. मी खाचेचं विचारताच त्या इतक्या हसल्या की त्यांना दातांची कवळी काढून ठेवावी लागली.

“अगं बदके, ती खाच दोराची नव्हे, साखळीची. इनॉकची घोडी तिथे बांधलेली असायची. नाव पलीकडे लावायचा आणि घोडीला घेऊन पूल ओलांडून मुद्दाम अलीकडे यायचा. ती बिचारी तासन्‌तास मान हलवत उभी. झिजणार नाही तर काय?”

मी म्हटलं, आजोबा दारूला शिवत नव्हते. दारू न पिण्याची चॅपलमध्ये घेतलेली त्यांची शपथ आमच्या घरी चौकटीत लावलेली होती.

“पीत कुठे होता? त्याने बारमध्ये पाऊल टाकलं नाही. मागच्या स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलायचा. मालक म्हणायचे, असलं गिऱ्हाईक देवाने कोणाला देऊ नये. त्यांची मुलगी हॅना नुसती येता-जाता बघायची. किती वर्षं तसंच चाललं.”

हॅना म्हणजे माझी आजी, तुझी आई. ती किराणा दुकानदाराची मुलगी होती असं तू आम्हाला सांगितलंस. मी यावर खूप विचार केला, आणि तुला दोष देत नाही. चॅपलमधल्या माणसाने पबमालकाची मुलगी करणं म्हणजे काय, ते मला कळतं. शिवाय मिसेस कोल्क्लो म्हणतात, तिथे मोहरी आणि मेणबत्त्याही विकायला असत. तेव्हा अगदीच खोटं म्हणता येणार नाही.

प्रकृतीला जप. मोजे आण, सभागृह गार असतं.

तुझी भाची,
मेव्हिस

ता. क. हीथसाहेब नवी फरशी भाजायला तयार आहेत. मजकूर मी लिहिला आहे: ‘ही खाच इनॉक मेचिन यांच्या डचेस घोडीने, वाट पाहताना पाडली.’ पण तुझी परवानगी हवी. लोक विचारतील कोणाची वाट, आणि मला खोटं बोलता येत नाही. तू नको म्हणालीस तर शनिवारी खांब नुसताच राहील.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहायला घेतलं होतं. आमच्या कुंपणाच्या एका गजाचा रंग उडून लोखंड दिसायला लागलं आहे. ब्लूर यांची सायकल गेली तीन वर्षं तिथे टेकवलेली असते. मला वाटायचं, ते इतिहासासाठी येतात. शनिवारी ते तुझ्या शेजारी बसतील. माणूस रेल्वेचा आहे, पण वाटाणे चांगले सोलतो. त्यांच्याशी नीट बोल.