कूलरचे तीन पंप

सक्करदरा, नागपूर
१२ एप्रिल २०२५

चि. रुचिकास बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून तुझ्या कंपनीच्या परतीच्या खोक्यातच चिठ्ठी ठेवतो. तू बनवलेला कूलर झकास आहे. पंप असो की मोटर, खटका दाबला की हातात येते, नवी बसवली की झालं. जुनी तुम्ही पुन्हा वापरता, हेही पटलं. पण पंप पुन्हा बिघडला. हा तिसरा. तू स्वतः येऊन बघशील तर बरं. शेजारच्या जिजाबाई विचारत होत्या, की पोरगी इंजिनेर अन् कूलर काहून बिघडून राहिला गा? मी काय सांगू?

पुण्यात जेवणाची आबाळ करू नकोस. आठवण असू दे.

तुझे बाबा


पुणे
२४ एप्रिल

ती. बाबांना रुचिकाचा सा. न. वि. वि.

यायला जमत नाही, रागावू नका. इथे माझ्यावरच बेतलं आहे. चाचणीच्या चाळीस घरांपैकी फक्त आपल्याच घरी पंप तीनदा गेला. साहेब म्हणतात, भाग बदलायची सोयच काढून टाकू. बिघडला की अख्खा कूलर भंगारात. पाच मेला निर्णय आहे. माझी दोन वर्षं वाया जातील.

आज तुमचे तिन्ही पंप टेबलावर लावले. सकाळपासून तिन्ही चालू आहेत. आधी फार चिडले होते, आता नाही. बाबा, खरं काय ते लिहा.

गोळ्या चुकवू नका. माया आहे तशीच ठेवा.

तुमची रुचिका


सक्करदरा, नागपूर
२९ एप्रिल

चि. रुचिकास अनेक आशीर्वाद.

या पाकिटात दोन कागद आहेत. पहिला साहेबांना दाखव. त्यावर सही करून लिहिलं आहे, की पंप एकदाही बिघडला नव्हता, तिन्ही वेळा चांगला पंप मीच काढून पाठवला.

हा कागद तुझ्यापुरता. जुन्या कूलरची खस बदलायला तू दरवर्षी होळीनंतर यायचीस. चार दिवस राहायचीस, पत्रा घासता घासता माझ्यावर ओरडायचीस. यंदा कूलर आला, तू आली नाहीस. आपल्या हातमागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, जुन्याला सांधायला दोन माणसं लागायची. मी आणि तुझी आई समोरासमोर बसून दिवसभर धाग्याला धागा जोडायचो. तुझ्या कूलरला एकटा माणूस पुरतो. ते चांगलंच आहे, पण मला फार एकटं वाटलं. चुकलो, बेटा.

आता खोटी तक्रार करणार नाही. लोभ आहेच, तो राहू दे. आणि सवड मिळाली, तर काही बिघडलेलं नसतानाही ये.

तुझे बाबा