साफ करायला नेलेली डच बाई

४ जाने., रवि.
डोंबिवलीहून ठाण्याला, बाबांकडे. हॉलच्या भिंतीवरच्या डच शेतकरणींच्या चार चित्रांपैकी एक गायब, नुसता खिळा. बाबा म्हणाले, "कामतबाईंनी साफ करायला नेलीय." त्यांची वाचनालयातली नवी ओळख, म्हणे म्युझियममधून रिटायर. इतक्यात चित्रं घरी न्यायला लागल्या? ही छापचित्रं बाबांनी लग्नाआधी जुन्या बाजारातून आणलेली. आई कुणाला हात लावू द्यायची नाही.

११ जाने., रवि.
परत गेले. बाई हजर. भिंगातून दाखवत होत्या, टोपीच्या आकारावरून शेतकरीण कुठल्या भागातली ते कळतं. कानाजवळची पट्टी टोपी धरून ठेवायला, पण चांदीची असली की ऐपतही दिसते. अंड्यांच्या टोपलीचा अर्थ मात्र बाबांच्या कानात. बाबा पोट धरून हसले. मी विचारलं तर, "काही नाही गं, चावट आहे." आई गेल्यापासून असे हसले नव्हते. तरी चित्राचं विचारलंच. बाई म्हणाल्या, "वाळतंय." आठवडाभर?

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळगुळाचं निमित्त करून शहाडला, बाईंच्या घरी. चित्र टेबलावर, टिपकागदांमध्ये.
"विकणार होतात का?" सरळच विचारलं.
रागावल्या नाहीत. "मेधा, हे मूळ नाही गं. नंतर छापलेल्या पुस्तकातून कापलेलं पान. मागे छापील मजकूर बघ. चारही तशीच. बाबांना पहिल्याच दिवशी सांगितलंय."
"मग मला का नाही?"
"ते नको म्हणाले. संशय आला म्हणून तू लगेच पुढच्या रविवारी आलीस ना, त्यांना तेच हवंय."
तिळगूळ दिला, निघाले.
रात्री डोक्यात आलं, मजकूर होता खरा, पण आपल्याच चित्रामागे कशावरून? चित्रातल्या घागरीजवळ एक डाग होता. आता नाही. साफ केला म्हणून, की चित्रच दुसरं?

१८ जाने., रवि.
चित्र भिंतीवर. शहाडचं मी बोलले नाही, बाईही नाहीत. बाबांना माहीत असावं. चहा घेताना माझ्याकडेच बघत होते.
निघताना म्हणाले, "आता दुसरं न्यायचं म्हणतायत."
"नेऊ देत. पण मी समोर असताना."
"मग सकाळीच ये," बाबा म्हणाले. "जेवायलाच थांब."
आत बाई कपबशा विसळत होत्या. नळ मध्येच बंद झाला.